उबेला धुराडे हवे

हडपसरला समुद्र नाही. ही उणीव आजवर एकाही निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आलेली माझ्या पाहण्यात नाही, त्यावरून ती खरोखरच भरून निघण्यासारखी नसावी. नाही म्हणायला खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा आमच्या गावातून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. पण त्याचे पाणी आवर्तनाचे. पाटबंधारे खात्याच्या मनात आले की येणार, नाहीतर नुसता चिखल. या कालव्यातून निर्माल्य जाताना मी पाहिले आहे, चपला जाताना पाहिल्या आहेत, एकदा तर एक प्लॅस्टिकची खुर्ची मोठ्या रुबाबात जाताना पाहिली आहे. होडी मात्र पाहिलेली नाही. आणि थंडी म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर उतरला की आम्ही कपाटातून माकडटोप्या बाहेर काढतो आणि ‘यंदा अगदी काश्मीर झालंय’ असे एकमेकांना सांगत सुटतो. एवढेच आमचे शीतकटिबंधाचे ज्ञान.

तेव्हा होडीच्या केबिनीत ऊब आणणाऱ्या रॉकेलच्या आणि डिझेलच्या हीटरांचा इतिहास हडपसरच्या माणसाने का लिहावा, हा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. तो आमच्या घरातही पडला. ‘‘होडी नाही, थंडी नाही, आणि हीटर कसला डोंबलाचा?’’ असे सौ.ने विचारले. पण इतिहास लिहायला अनुभव लागतोच असे मानले, तर मोठीच पंचाईत होईल. पानिपतावर लिहिणाऱ्यांपैकी पानिपतावर कोण हजर होते?

खरे कारण माझा भाचा. हा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडात गेला, तिथले घरभाडे ऐकून गार पडला, आणि कालव्यातल्या एका लांबट होडीत राहायला गेला. तिकडे कालव्यांना बारमाही पाणी असते आणि हजारो माणसे त्यांत बिऱ्हाड थाटतात. मात्र ज्याला कायमचा धक्का नाही, त्याला एका जागी साधारण चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही, असा तिथला नियम आहे. हे ऐकल्यावर माझ्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, धीर सुटला. ‘‘अरे, उद्या याला मुलगी सांगून आली तर त्या लोकांनी पत्ता कुठला शोधायचा? गेले आणि होडी पुढच्या गावाला गेलेली असली म्हणजे?’’

पण ही काळजी वरवरची. ताईने भाच्याला फोनवर जो पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता. भाचा कौतुकाने सांगत होता, ‘‘आई, आत काही थंडी नसते गं. तेलावरचा हीटर आहे.’’ त्यावर ताई म्हणाली, ‘‘ते असू दे. धूर कुठून जातो?’’

चूल, शेगडी, बंब आणि प्रायमस या चारही तोंडच्या आगी सांभाळत जिने संसार केला, तिला आगीबद्दल नेमके काय विचारायचे ते ठाऊक होते. मी मग या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि माझी खात्री पटली की होडीतल्या हीटरांचा सगळा इतिहास म्हणजे ताईच्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. फक्त ते शोधताना काही माणसे जिवानिशी गेली, आणि काही जाता जाता वाचली.

आता प्रारंभ तेलापासून. १८५० साली स्कॉटलंडातल्या जेम्स यंग नावाच्या गृहस्थाने दगडी कोळशातून तेल काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. या तेलाच्या कुळाला इंग्रज लोक पॅराफिन म्हणू लागले, ते आजतागायत. कॅनडाच्या अब्राहम गेस्नरने तसल्याच तेलाला मेणाच्या ग्रीक नावावरून केरोसीन म्हटले. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला जमिनीतले तेल लागले आणि मग काय, जगभर दिवेच दिवे झाले. आपण मराठी माणसांनी यात नवीन शोध लावला नाही, पण बारसे दोनदा केले. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल केले आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट. दोन्ही एकच, पण वापरात सूक्ष्म भेद आहे. रेशनकार्डावर मिळे ते रॉकेल, आणि हाताला ज्याचा वास दिवसभर येई ते घासलेट.

हे तेल दिव्यात जळत होते तोवर धुराची फिर्याद काचेपुरती होती. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना संध्याकाळी राखेने काच पुसण्याचा कार्यक्रम आठवत असेल. खरी क्रांती केली ती स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने. त्याने १८९२ च्या सुमारास वातच काढून टाकली. टाकीत पंपाने हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढायचे, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची, आणि ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या भोकातून उसळून निळ्या ज्योतीने जळायची. काजळी जवळजवळ नाही. हाच प्रायमस. पुढे कोणत्याही कंपनीच्या स्टोव्हला आपण प्रायमसच म्हणू लागलो.

या यंत्राची पूजाविधी ज्यांनी केली आहे त्यांना मी काय सांगावे? आधी काकडा रॉकेलात बुडवून बर्नरभोवती लावायचा. तो विझायच्या आत चावी बंद करून पंप मारायचा. लवकर मारला तर पिवळा भडका छताला, उशिरा मारला तर नुसती वाफ आणि वास. मग पिन. ती भोकात मोडली की स्टोव्ह आणि स्वयंपाक दोन्ही थंड. आणि हे सगळे जमले की तो आवाज! आमच्या वाड्यात पहाटे पाच बिऱ्हाडांचे पाच स्टोव्ह सुरू झाले की विमानतळाजवळ राहिल्याचे समाधान फुकट मिळे. या स्टोव्हला काळी बाजूही होती. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी एके काळी इतक्या वेळा छापून येई, की शहाणा वाचक स्टोव्हची चौकशी न करता सासरची करी.

तर हाच प्रायमस समुद्रावर आणि बर्फावर गेला. नान्सेन १८९३ साली ‘फ्राम’ जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमस होता. आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तो प्रायमस घेऊन. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मोहिमेतही तो होताच. म्हणजे आपल्या मातोश्री ज्याच्यावर पिठले करीत होत्या, त्याच यंत्रावर ही थोर मंडळी बर्फ वितळवीत होती. फरक इतकाच की पिठल्याचा उल्लेख इतिहासात आला नाही.

आणि इथेच, वाचकहो, एका चामड्याच्या वॉशरची गोष्ट आहे. पंपाचा वॉशर सुकला की स्टोव्ह दम धरीत नाही, मग त्याला तेल चोळून मऊ करायचे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. स्कॉटच्या तुकडीने दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर जागोजाग रॉकेलचे डबे पुरून ठेवले होते. त्यांच्या बुचांना चामड्याचे वॉशर होते. कडाक्याच्या थंडीत ते निकामी झाले आणि डबे बंद असूनही तेल निसटून गेले. परत येताना माणसे मोठ्या आशेने डबा उघडीत आणि त्यात तेल अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघे. तेल नाही म्हणजे ऊब नाही, आणि बर्फ वितळवायचे नाही म्हणजे पाणीही नाही. मार्च १९१२ मध्ये स्कॉट आणि त्याचे उरलेले दोन सोबती तंबूत गारठून मेले. पुढचा मोठा साठा तिथून अवघा अकरा मैल होता. त्यांच्या मरणाला कारणे पुष्कळ होती, पण त्यात हे एक होते. आमुंडसेनने आपले डबे झाळून घेतले होते. थोर माणूस आणि वाचलेला माणूस यांतले अंतर कधीकधी डागाच्या एका थेंबाएवढे असते.

होडीत ऊब आणायची तेव्हा कारागिरांनी हाच प्रायमसचा बर्नर घेतला, त्याला पितळेचे देखणे घर बांधले आणि वर एक नळी लावून ती छतातून बाहेर काढली. इंग्लंडातल्या टेलर कंपनीचे असे पितळी हीटर शिडाच्या होड्यांत प्रसिद्ध आहेत. चित्रात पाहिले तरी चिंच लावून घासावेसे वाटावेत असे सुरेख. पण ती वरची नळी हीच त्यातली खरी विद्या. कारण नळी नसली तर काय होते, ते ऐकण्यासारखे आहे. एक लिटर रॉकेल जाळले की सुमारे लिटरभर पाणी तयार होते! वाफेच्या रूपाने ते हवेत मिसळते आणि गार भिंतींवर पुन्हा पाणी होऊन बसते. म्हणजे ओली होडी सुकवायला म्हणून तुम्ही हीटर लावावा आणि त्याने रात्रभर तुमच्या अंथरुणावर अभिषेक करावा. समुद्र बाहेर ठेवायला सुताराने एवढी मेहनत घेतली, आणि आपण तो डब्यातून विकत आणून आत ओतला, असा हा प्रकार.

पण पाणी दिसते तरी. दुसरी जी गोष्ट तयार होते ती दिसत नाही, तिला वास नाही, चव नाही. तिचे नाव कार्बन मोनॉक्साइड. कोणतेही जळण हवा कमी पडून अर्धवट जळले की हा वायू होतो. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन आहे, ते प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूलाच घट्ट धरून बसते. प्राणवायू बिचारा एस. टी.च्या थांब्यावरच्या उतारूसारखा उभाच राहतो. गाडी येते, पण भरून येते. माणसाला डोके दुखते, गरगरते, मग झोप येते. ही झोप फार सुखाची वाटते म्हणतात, आणि तिथेच सगळा घात आहे.

याचा एक जुना दाखला डच खलाशांचा आहे. विलेम बारेंट्सझ १५९६ साली उत्तरेकडून चीनला जायची वाट शोधत निघाला आणि नोव्हाया झेम्ल्या बेटाशी त्याचे जहाज बर्फात अडकले. मंडळींनी लाकडे जमवून एक घर बांधले, छतावर धुराडे केले. डिसेंबरात थंडी अशी पडली की लाकडाची आग पुरेना. तेव्हा त्यांनी जहाजावरचा दगडी कोळसा आणून पेटवला. काय ऊब आली! इतकी छान ऊब वाया जाऊ नये म्हणून त्यांनी दारे लावली, धुराडे बुजवले आणि गप्पा मारीत पडले. आधी एका आजारी माणसाला गुदमरल्यासारखे झाले, मग सगळ्यांचीच डोकी फिरू लागली. कसेबसे कोणी उठून धुराडे मोकळे केले, दार उघडले, आणि उघडणारा तिथेच बर्फात बेशुद्ध पडला. बाहेरची गार हवा आत आली आणि सगळे वाचले. त्यांच्यातल्या गेरिट दे व्हेर याने ही हकीकत दैनंदिनीत लिहून ठेवली आहे. जी थंडी इतके दिवस वैरीण होती, तीच त्या रात्री धावून आली.

माणूस यातून शिकला असेल असे वाटते ना? पुढे ३३८ वर्षांनी, १९३४ साली, अमेरिकेचा अ‍ॅडमिरल बर्ड अंटार्क्टिकावर बर्फात पुरलेल्या एका खोलीत हवामानाच्या नोंदी करायला एकटाच राहिला. ही खोली म्हणजे होडीची केबिनच. फक्त समुद्र गोठलेला. तेलावर चालणारी शेगडी होती, तिला नळीही होती. पण नळीचे सांधे सैल आणि हवा खेळती ठेवणारे झरोके बर्फाने बुजणारे. शिवाय बिनतारी संदेशासाठी पेट्रोलवरचे जनित्र. मे महिन्याच्या अखेरीस तो कोसळला. त्यानंतर त्याच्यापुढे रोज एकच हिशेब होता: शेगडी लावली तर विषाने मरायचे, विझवली तर थंडीने. तो मोजून काही तास लावी आणि उरलेले कुडकुडत काढी. आणि या अवस्थेत तळावर संदेश काय पाठवी? ‘सर्व ठीक.’ कारण खरे सांगितले तर ध्रुवाच्या काळोखात मित्र जीव धोक्यात घालून निघतील. पण त्याच्या संदेशातली अक्षरे इतकी चुकू लागली की मित्र काय ते समजले. ऑगस्टमध्ये तिघेजण येऊन पोचले आणि तो वाचला. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’ असे लिहिणारा प्रत्येक मुलगा मजेतच असतो असे नाही, हे सर्व आयांना बर्डच्या आधीपासून ठाऊक आहे.

यानंतरचे शहाणपण दोन वाटांनी आले. पहिली वाट थेंबाची. टाकी उंचावर ठेवायची, झडपेतून तेल थेंबथेंब एका भांड्यात पडू द्यायचे, तिथे ते तापून जळायचे आणि धूर नळीने सरळ आभाळात. ना पंप, ना पिन, ना वीज. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. हे आगीचे ठिबक सिंचन आहे. डेन्मार्कचे रेफ्लेक्स आणि कॅनडाचे डिकिन्सन हे हीटर याच जातीचे. मासेमारी होड्यांना ते फार सोयीचे, कारण इंजिनाला जे डिझेल तेच हीटरला. आता हे परदेशी कौतुक म्हणून सोडून देऊ नका. आपल्या काश्मीर-लडाखातली रॉकेलची बुखारी हीच याच घराण्यातली. १३ एप्रिल १९८४ रोजी आपले सैन्य सियाचिनवर चढले, आणि तेव्हापासून सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांनीही बुखारीच्या उबेला पाठ लावून तिथल्या रात्री काढल्या आहेत. बाहेर बर्फ, आत काजळी, आणि रात्री कोणीतरी जागे राहून नळी मोकळी आहे ना हे पाहायचे. पहारा शत्रूवर, तसा धुरावरही.

दुसरी वाट पंख्याची, आणि तीत तर मला आपल्या आजीचेच डोके दिसते. जर्मनीतल्या एस्लिंगेन या एकाच गावात १८६५ साली एबरश्पेखर आणि १९०१ साली वेबास्टो अशा दोन कंपन्या निघाल्या. पुढे या दोन्हींनी मोटारी, ट्रक आणि होड्यांसाठी इंधनावरचे हीटर केले. यांत जळणाला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर होऊन बाहेरच जाते. खोलीतली हवा वेगळ्या वाटेने, तापलेल्या धातूवरून फिरून ऊन होऊन परत येते. दोन्ही हवा एकमेकींना शिवत नाहीत! हे कडक सोवळे आहे. ओवळी हवा मागच्या दाराने, सोवळी हवा माजघरात. फक्त याला बॅटरी लागते. मध्यरात्री ती संपली की सोवळे शाबूत राहते आणि माणूस गारठतो. भाच्याच्या होडीत हा आहे. ताईला मी सोवळ्याची उपमा देऊन सांगितले, तेव्हा कुठे तिला ती रात्री झोप लागली.

आता वाचक म्हणतील, हे ठीक आहे, पण यात हडपसर कुठे आले? धुराशी आमचा संबंध जुना आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा हडपसरजवळ पराभव केला, त्या दिवशी इथे तोफांचा धूर होता. पण मी म्हणतो तो धूर घरातला. आमच्या न्हाणीघरात पूर्वी तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, खाली ढलप्या-कोळसे, भोवती पाणी. नीट पाहिले तर ते होडीच्या हीटरचेच चुलत भावंड. धूर होई, डोळे चुरचुरत, पण दाराला फट असे, कौलातून उजेड येई, आणि हवा आपले काम करी. आता बंब मोडीत गेला, रॉकेलचे कार्ड गेले, सोलापूर रस्त्याला सदनिका झाल्या आणि बाथरूम कपाटाएवढे झाले. त्या कपाटात आम्ही गॅसचा गीझर लावला. तो त्याच खोलीतली हवा घेतो आणि लहान गीझराला बहुधा धुराडे नसतेच. दार घट्ट, खिडकी बंद, पाणी कढत, आणि आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतात आणि त्यांत धूर कोणालाच दिसलेला नसतो. याच रस्त्यावर थांबलेल्या ट्रकच्या केबिनीत पावसापाण्याचा स्टोव्ह आत घेऊन काचा चढवणारा क्लीनर, आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत घमेल्यात निखारे घेऊन झोपणारे कुटुंब, हीसुद्धा होडीतलीच माणसे. पाण्यावर नाहीत एवढेच.

इंग्लंडात २०१९ पासून राहायच्या होड्यांमध्ये या वायूची सूचना देणारी पेटी बसवणे सक्तीचे झाले आहे. वायू वाढला की ती किंचाळते. आपल्याकडेही ती विकत मिळते, पण आपण नेहमीप्रमाणे विचार करू, चार दुकाने पाहू, आणि दिवाळीनंतर बघू म्हणू. तोवर बिनपैशाचा एक उपाय आहे. डिसेंबर आला की गार वारा लागतो म्हणून बाथरूमच्या झरोक्यात आपण जुन्या वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो. तो काढून टाका. गीझराचे पाणी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला बसा. झरोक्यातून थंडी येईल. येऊ द्या. नोव्हाया झेम्ल्याची भयंकर थंडी त्या डच मंडळींचे प्राण वाचवून गेली. आमच्या हडपसरची थंडी तर अगदीच सोज्वळ, ती फार तर एक शिंक देऊन जाईल.